पोचली का थे माहेरी?

माय, ती स्वीडिश कादंबरी काल दुपारी संपली. हो, तीच, काळ्या पुठ्ठ्याची, जी तू चुलीत घालायला निघाली होतीस. अकोल्याच्या मिशन दवाखान्यात मी नर्सचं काम शिकत होते, आणि आमच्या स्वीडनच्या मॅडम फावल्या वेळात मला त्यांची भाषा शिकवायच्या. सुटीत पातूरला आले की भाकरी थापता थापता मी त्यातली वाक्यं पुटपुटायची. तुला वाटलं, पोरगी किरिस्तावांची प्रार्थना म्हणते. झालं! भाजीच्या बंडीत बसून तू थेट दवाखान्यात, डोक्यावर वांग्यांची पाटी. मॅडमना वाटलं भाजीवाली आली. त्या बिचाऱ्या वांगी निवडायला बसल्या. "वांगे राहू द्या बाई, माही पोरगी बाटवून राहिले का तुमी?" मग माझ्याकडे वळलीस, "वाच माह्यासमोर. यात त्यांच्या देवाचं नाव आलं, तं पुस्तक चुलीत अन् तू घरी."

मी जाम घाबरले होते. अडखळत एक पान वाचलं आणि मराठीत सांगितलं. सासू कोठीची किल्ली उशाखाली घेऊन झोपते, पोटुशी सून उपाशी राहते, आणि एका पहाटे ती बर्फातून एकटीच माहेरची वाट धरते. तू पाटीशेजारी बसलीस. "मंग? पोचली का थे माहेरी?" मला कुठे ठाऊक! निम्मे शब्द अडायचे, आठवड्याला जेमतेम दोन पानं व्हायची. "कावून अडतं वो? वांगे तोडतो तवा साऱ्या वाफ्यातले एकाच दिवशी तोडतो का? तयार हाय ते घे, बाकीचे राहू दे, पुढच्या फेरीले पाहू." मी अजून तसंच वाचते. त्यानंतर दर सुटीत, मेथीच्या जुड्या बांधता बांधता, तुझा तोच एक प्रश्न. मी म्हणायची, अजून वाटेतच आहे. तू चिडायचीस, "किती चालवतं वो त्या पोरीले!"

उत्तर न ऐकताच तू गेलीस. तुझ्या तेराव्याला मामा माझ्याजवळ बसून रडला. म्हणाला, माझ्या वेळी पोटुशी असताना तूही अशीच निघाली होतीस, भातकुलीला, माहेरी. बडनेरा स्टेशनावर त्यानंच तुला गाठलं आणि लोक काय म्हणतील म्हणून परतीच्या गाडीत बसवलं. तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस, माय. ते ऐकल्यावर पुस्तक उघडायची माझी हिंमतच होईना. मॅडम मायदेशी गेल्या, माझे केस पिकले, पुस्तक पेटीतच. यंदा धीर करून बाहेर काढलं.

तर ऐक. थे पोचली. तिची आई दार उघडते, काही विचारत नाही, पायातले ओले जोडे काढते आणि पुढ्यात गरम पेज ठेवते. आणखी काहीतरी बोलते, तिथले शब्द मला येत नाहीत. पुढच्या फेरीला पाहू. पण पोरगी घरात आहे, चुलीपाशी आहे, एवढं नक्की. वाचून असं हलकं वाटलं, काय सांगू! मी चक्क टाळी वाजवली, एकटीच.

ही चिठ्ठी कुठे धाडायची? आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं! पेटीत ठेवते, त्याच पुस्तकात. फक्त एक सांगते, रागावू नको. यंदा पुस्तक काढलं, तेव्हा शेवटचं पान मी आधीच उघडून पाहिलं होतं. दमच निघत नव्हता. आणि नसती पोचली, तरी मी तुले पोचली म्हणूनच सांगितलं असतं.