भिकुबाईंची नळी

३ फेब्रुवारी
पाचोऱ्याहून सकाळीच आले. देवपुरात खोली मिळाली, खिडकीतून चक्क पांझरा नदी दिसते! उद्यापासून सीटी स्कॅन केंद्रात नोकरी. फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून जे औषध देतात, त्याचा रक्तपेशींवर काय परिणाम होतो, हे डॉ. प्रेमराज तपासताहेत. मी इंजेक्शनआधी एक नळी रक्त घ्यायचं, नंतर एक.

५ फेब्रुवारी
काम आवडलं. औषधानंतर गोल लाल पेशींना गोखरूसारखे काटे फुटतात, काही तासांत जातात. पेशंट म्हणतात, अंगातून ऊन पाणी फिरल्यासारखं वाटतं.

९ फेब्रुवारी
साक्रीकडच्या भिकुबाई टेबलावर थरथरत होत्या. म्हणाल्या, "माले भ्याव वाटस, माय. आठेच ऱ्हाय." इथेच थांबायचं सोडून मी आलेच म्हटलं आणि नळ्यांवर नावं लिहीत बसले. औषध गेलं आणि त्यांचा श्वासच अडकला. डॉक्टर छाती दाबत होते, तेवढ्यात मी त्यांच्या हातातून दुसरी नळी भरून घेतली. भिकुबाई गेल्या. लाखात एखाद्याला होतं, म्हणे.
नळी मात्र मी भरून घेतली.

११ फेब्रुवारी
त्या नळीतल्या पेशींचे काटे अजून तसेच. शिळ्या रक्तालाही काटे येतात, फेकून दे, असं डॉक्टर म्हणाले. फेकली. फ्रिजमधून काढली होती, तरी हाताला कोमट लागली.

१२ फेब्रुवारी
आज स्कॅनला आलेल्या अभिमन आबांचं इंजेक्शनआधीचं रक्त पाहिलं. सगळ्या पेशी काटेरी. आबा माझ्या मागे बघत म्हणाले, "ती बाई कोन शे? तिनं रगत मांगी ऱ्हायनी."
तिचं रक्त मागतेय, म्हणे. खोलीत आम्ही दोघंच होतो.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरांना सांगितलं. सुट्टी घे, म्हणाले. दुपारी जेवताना घशात एकदम ऊन, मग पोटात, मांड्यांत. मला कोणी काही टोचलेलं नाही.

१४ फेब्रुवारी
माझंच रक्त पाहिलं. काटे.
खोलीवर आले. भर दुपार. ती, भिकुबाईच, दारात उभी आहे, हात पुढे करून. तिचं तिला कुठून देऊ — फेकलं मी —
मग माझं. एक नळी भरून उंबऱ्यावर ठेवली. वळून पाहिलं, रिकामी.
दुसरी. रिकामी.
चौथी — बोटं गार — अक्षर नीट येत नाही —
विचारलं, आता पुरे का. ती खाली वाकली आणि माझ्या हाताच्या शिरेला तोंड —