नऊ फेब्रुवारीची नोंद

१ जुलै, मंगळवार
रुजू झालो. मंचेरियलहून पहाटेची बस, गुडीहत्नूरला बदली, पुढे शेअर ऑटो आणि मांडीवर कोणाच्या तरी कोंबड्यांची टोपली. जन्म-मृत्यू नोंदणीची कचेरी लहानशी आहे. बाबांची कचेरी, बाबांचीच खुर्ची. ९ फेब्रुवारीला ते नोकरीत असतानाच गेले, म्हणून अनुकंपा तत्त्वावर ही जागा मला मिळाली. शिपाई महिपतकाकांनी चहा दिला. म्हणाले, नागोराव लय चोख माणूस, तुमी तेवढे चोख नाही राह्यले तरी चालते. मला हसू आलं. खोलीही बाबांचीच घेतली आहे. मागे कापूस नुकता उगवलाय, वारा छान येतो.

३ जुलै
पहिलं काम मृत्यूच्या नोंदींचं. बाबांनी अकराशे नोंदी संगणकावर चढवल्या आहेत, पण तारखा नुसत्या अक्षरांसारख्या टाइप केल्या आहेत. यंत्राला त्या तारखा वाटतच नाहीत. क्रम लावायला सांगितलं की सगळ्या वर्षांचे एक तारखेला गेलेले लोक आधी येऊन बसतात. हा रकाना खऱ्या तारखांचा करायचा. बाबांनी एकेक ओळ करत महिना घालवला असता. मी एका झटक्यात करणार.
शेवटची नोंद बाबांची. ती साहेबांनी घातली आहे, 09/02. जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

४ जुलै
झालं. एक आज्ञा, दोन सेकंद, एकही तक्रार नाही. जुना रकाना पुसून टाकला, अडगळ कशाला ठेवायची. साहेबांनी छापील यादीवर न बघता सही ठोकली.

७ जुलै
उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. या संगणकाची तारखेची मांडणी महिना आधी, दिवस मागून अशी निघाली. तेरा ते एकतीस तारखेला गेलेले लोक बरोबर आहेत, कारण तेरावा महिना नसतो, यंत्र मुकाट्याने सरळ वाचतं. एक ते बारावाले सगळे उलटले. जुन्या वर्षांचं एक वेळ चालेल, पण यंदाचे सात जण तर अजून मरायचेच आहेत. रुक्माबाई ८ जानेवारीला गेली, ती आता १ ऑगस्टला जाणार. बाबा २ सप्टेंबरला. उद्या कागदी वही काढून दुरुस्त करीन.
आज महिपतकाकांनी टेबलावर दोन चहा ठेवले. एक परत न्या म्हटलं, तर म्हणाले, नागोराव येऊनच राह्यले ना.

८ जुलै
जसं झालं तसं लिहितो.
साडेदहाला बाबा आले. निळा शर्ट, खिशाला दोन पेनं. महिपतकाकांनी रोजच्यासारखा जय भीम केला. मी खुर्चीतून उठलो, ते बसले. काऊन आला रे, डबा आणला का, असं विचारलं. हजेरीपटावर माझ्या जागी त्यांचं नाव आहे. मीच त्यांना अग्नी दिला होता.
साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी सही केलेली यादी दाखवली. रेकॉर्डात माणूस हाये तर हाये, म्हणाले.

९ जुलै
आईचा फोन. रविवारी बाबा घरी येणार म्हणून तिने मटण सांगून ठेवलंय. हसत होती. पाच महिन्यांत तिचं हसू ऐकलं नव्हतं.
मी काहीही दुरुस्त करणार नाही.

१७ जुलै
बाकी सहा जण रोज येऊन बाकावर बसतात. जानेवारीत गेलेली चंपाबाई हयातीचा दाखला मागते. दुपारी वीज गेली. आम्ही घामाने निथळलो. बाकावरचे सहा आणि बाबा, सात जण कोरडे ठाक. बाबांचा चहा तसाच राहतो, वर साय धरते. बापाची भीती वाटते हे लिहायची लाज वाटते, पण वाटते.

१ ऑगस्ट
रुक्माबाई बाकावरच गेली. तिची सून मीनल धावत आली आणि छाती बडवून रडली. जानेवारीत हे सगळं एकदा रडून झालंय, हे तिला ठाऊकच नाही. तिचं दुःख आजचं आहे, कोरं.
२ सप्टेंबरला आई असंच —

५ ऑगस्ट
बाबांना माझी चूक सापडली. रागावले नाहीत. कपाटातून वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेक तारीख दुरुस्त करत बसले आहेत. शेवटच्या पानावर ते स्वतः —

१९ ऑगस्ट
यंदाच्या पानावर पोचले. चंपाबाईची तारीख बदलली. मी बाकाकडेच बघत होतो. पापणी लवली तेवढ्यात ती नव्हती. संध्याकाळी तिच्या घरावरून गेलो. भिंतीवर फोटो, हार जानेवारीतला, सुकलेला. घरात स्वयंपाक चालला होता. कोणी रडत नव्हतं.

२५ ऑगस्ट
बाक रिकामा. एकच ओळ राहिली.
बाबा खोकतात. फेब्रुवारीतला तोच खोकला.

२६ ऑगस्ट
बाबा म्हणाले, आपली नोंद आपल्या हातानं करू नये, कचेरीचा दस्तूर हाये. तू कर. मी म्हटलं, पन्नास वर्षं पुढची तारीख टाकतो. त्यावर म्हणाले, खोटी नोंद करशील तर म्या इतकी वर्सं कायले — आणि पुन्हा खोकला.

२९ ऑगस्ट
फोनवर खोकला ऐकून आई येते म्हणाली. सोमवारी पोचेल. म्हणजे मंगळवारी, दोन तारखेला, ती त्यांच्यापाशी असेल. मीनलसारखी —
आज दुरुस्त केलं तर तिचं दुःख निदान जुनं होईल. पण बाबा —

१ सप्टेंबर, सकाळी अकरा
आई गुडीहत्नूरला उतरली. बाबा खुर्चीतून उठले. मला बसवलं. खांद्यावर हात, कपड्यातून गार लागतोय. एकदा भेटू द्या तिला, म्हटलं. भेटल्यावर तुझ्याच्यानं होनार नाही, म्हणाले.
नऊ टाकलं. फेब्रुवारी टाकलं.
एंटर राहिलाय. मागे पाहू नको, बाबा म्हणतात.
बाहेर ऑटो थांबली. आईचा आवाज — अहो म्हणून हाक मारतेय, हसतेय — खांद्यावरचा हात दाबतोय — बाबा, मी —