ओब्रेनच्या हातची कलमं

मी, विदोसावा बाबोविच, दिवंगत ओब्रेन बाबोविच यांची पत्नी, वय पंचाहत्तर, राहणार गोर्न्या ब्रेझा, सर्बिया, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे कामातून गेले आहेत, डोकं गेलेलं नाही. तसं डॉक्टरांनी लिहून दिलेलं पत्र सोबत जोडलं आहे, कारण मी मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझे दीर राडोयको मला वेडी ठरवायला निघतील. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. जबरदस्ती करू शकेल असं माणूस या घरात बावीस वर्षांत उरलेलं नाही.

मला मूलबाळ नाही. घर आणि घरामागची प्लमची बाग नवऱ्याने हयातीतच माझ्या नावावर केली असून तशी नोंद सरकारी दप्तरात आहे. तेव्हा भावाचा म्हणून यात कुठलाही वाटा निघत नाही. हे वाक्य राडोयको यांनी चष्मा लावून दोनदा वाचावं.

कलम १. मला ओब्रेनच्या शेजारी पुरावं. पोस्टात साठवलेले पैसे माझ्या अंत्यविधीला आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला पुरतील. उरले तर चर्चच्या छपराला द्यावेत, ते गळतं. राडोयको यांनी माझ्या पेटीला खांदा देऊ नये. ओब्रेनच्या पेटीला त्यांनी दिला होता, पुढून, डावीकडून, सगळ्यांना दिसेल असा.

चाळिसाव्या दिवशी गाव माझ्या अंगणात जेवायला बसेल. तळघरातल्या पिंपातली माझ्याच प्लमची दारू त्या दिवशी काढावी. मात्र कोणाच्याही पेल्यात थेंब पडण्याआधी कलम ४ मोठ्याने वाचावं. वाचायचं काम पशुवैद्य तिहोमिर मार्यानोविच यांच्याकडे देते. गोठ्यात बोलले तरी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. दारू मिळाल्याशिवाय आमच्या गावातलं माणूस उठत नाही, त्यामुळे सगळे शेवटपर्यंत ऐकतील.

कलम २. ओब्रेनचा कलमं बांधायचा चाकू, हाडाच्या मुठीचा, मिलोये गाव्रिच यांना द्यावा. ते म्हणतील, मला का? कलम ४ ऐकलं की कळेल. तो चाकू दर वेळी उघडताना त्यांना थोडी लाज वाटावी, एवढीच माझी इच्छा आहे. माणूस वाईट नाही. चुकीच्या फाटकापाशी गाडी रिकामी करून गेला.

तांब्याची मोठी कढई आणि तिचा लांब दांड्याचा लाकडी डाव घरातच राहील. प्लमचा मुरंबा दिवसभर ढवळावा लागतो. त्यात साखर घालणाऱ्या माणसाला कढईला हात लावू देऊ नये.

कलम ३. बागेत सतरा झाडं आहेत, सगळी जुन्या निळ्या जातीची. बाग ज्या व्यक्तीकडे जाईल तिने ती पुढीलप्रमाणे सांभाळावी.

फेब्रुवारीत बर्फ उतरला की छाटणी करावी. झाडाचं पोट मोकळं ठेवावं, मधून ऊन खाली जमिनीवर पडलं पाहिजे. खोडांना चुना लावावा, कंबरेइतका. ऑगस्टच्या शेवटी फांद्या वाकल्या की टेकू द्यावेत. फांदी मोडल्यावर हळहळणाऱ्या माणसाला मी बागायतदार म्हणत नाही. फळ देठाशी सुरकुतल्याशिवाय झाड हलवू नये. मुळाकडून फुटलेलं पोर नोव्हेंबरात काढून लावावं. ही जात स्वतःच्या मुळावर वाढते, तिला कोणाच्या कलमाची गरज नाही, आणि माझ्या बागेत बाहेरची काडी कोणी आणायची नाही. साधू आला तरी नाही.

दर जूनमध्ये प्रत्येक झाडाचं पान सूर्यापुढे धरून बघावं. फिकट गोल कडी दिसली, तर ते झाड त्याच दिवशी मुळासकट काढून जाळावं. दया करू नये.

कलम ४. हे वाचून दाखवायचं आहे, म्हणून सोपं लिहिते.

माझे पती ओब्रेन पाच गावांत कलमं बांधायला जायचे. त्यांनी बांधलेलं कलम मेलं असं कोणी ऐकलं नव्हतं. धाकटे बंधू राडोयको यांनीही धंदा करून पाहिला, पण त्यांची रोपं कोणी घेईना. १९७८च्या मार्चात नदीपलीकडच्या एका बागेत शार्का सापडला. पानांवर कडी उमटवणारा आणि फळ कच्चंच गाळणारा हा रोग. त्यावर औषध नाही. ती बाग उपटायचं काम चालू होतं. राडोयको तिथून कलमांसाठी काड्या घेऊन आले, पोतं भरून, फुकट. त्यांतून आमच्या कुंपणापलीकडे, स्वतःच्या जागेत, दोनशे रोपं तयार केली.

पुढच्या जूनमध्ये ओब्रेनने त्या रोपांचं एक पान सूर्यापुढे धरलं. मी शेजारी उभी होते.

"राडोयको, ही रोपं आजच्या आज उपट आणि जाळ."

"दोनशे रोपं? दादा, उन्हात फिरून तुझ्या डोळ्यांपुढे कडी नाचायला लागलीत."

"डोळ्यांपुढे नाहीत, पानावर आहेत. हे घे, बघ."

राडोयकोंनी पान घेतलं, बघितलं. त्यांचा चेहरा पडला, तो मी पाहिला. "बरं, जाळतो," म्हणाले. "आईची शपथ."

जाळली नाहीत. शरद ऋतूत ती लांबच्या बाजारात विकली. प्रत्येक रोपाला पत्र्याची चिठ्ठी बांधली होती: ओब्रेन बाबोविच यांच्या हातची कलमं. स्वतःसाठी त्यांनी सहा झाडं ठेवली, आमच्या कुंपणाला लागून. हा रोग मावा ही कीड पसरवते, आणि मावा कुंपण ओळखत नाही. पाच वर्षांत माझ्या सासऱ्यांनी लावलेली एक्केचाळीस झाडं आजारी पडली. ऑगस्टमध्ये फळांचा सडा पडायचा, आतला गर लाल, डिंकासारखा. डुकरंसुद्धा हुंगून पुढे जायची.

१९८६च्या सप्टेंबरात मिलोये गाव्रिच यांनी वाळलेली झाडं गाडीत घालून आणली आणि आमच्या फाटकात ओतली.

"ओब्रेन, तुझी लेकरं परत आणलीत. पुरून टाक."

त्या आठवड्यात अशा पाच गाड्या आल्या. ओब्रेनने एक चिठ्ठी उचलली, वाचली आणि खिशात टाकली. मी म्हटलं, "चल, आत्ता चौकात चल आणि सांग सगळ्यांना."

"सख्खा भाऊ आहे, विदो. तो स्वतः सांगेल. त्याला थोडा वेळ दे."

वेळ दिला. राडोयको त्या रविवारी चर्चमध्ये आमच्या शेजारी उभे राहिले, मेणबत्ती लावली, आणि घरी गेले.

एक्केचाळीस झाडं आम्हालाच पाडायची होती. ओब्रेनची छाती भरून यायची, म्हणून मी एकटीच दोन माणसांची करवत ओढत होते. तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या फटीतून माझी जाऊ स्तोयाना आली. तिने करवतीचं दुसरं टोक धरलं. झाड पडल्यावर म्हणाली, "चिठ्ठ्या मी लिहिल्या. माझं अक्षर बरं म्हणून त्यांनी लिहायला बसवलं. मला वाटलं, मोठ्या भाऊजींना माहीत आहे."

"मग आज का सांगतेस?"

"तू एकटी ओढत होतीस."

नऊ दिवस आम्ही दोघींनी करवत ओढली. दहाव्या दिवसापासून मी तिच्याशी अकरा वर्षं बोलले नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही.

ओब्रेन १९८७च्या फेब्रुवारीत गेला. त्याच्याकडे कलमं बांधून घ्यायला त्या हंगामात कोणी येणार नव्हतं, आणि छाटणीचे दिवस उगवायच्या आतच त्याने डोळे मिटले. थडग्यापाशी राडोयको डोळे पुसत लोकांना म्हणाले, "रोग दादाच्याच बागेतून निघाला हो. पण गेलेल्या माणसाला काय बोलायचं!" सगळ्यांनी माना हलवल्या. ते वाक्य मी बावीस वर्षं ऐकत आले आहे. दुकानात ऐकलं, दवाखान्याच्या रांगेत ऐकलं, आणि एकदा माझ्याच बागेत मुरंब्याची चव घेता घेता एका बाईने मला ऐकवलं.

तेव्हा गावाने ऐकावं: रोग राडोयको बाबोविच यांनी आणला, जाणूनबुजून विकला, आणि मेलेल्या भावाच्या माथी मारला. ओब्रेनच्या खिशातली चिठ्ठी माझ्याकडे आहे. ती वाचन झाल्यावर टेबलांवरून फिरवावी.

राडोयकोंची सहा झाडं वाळून गेल्यावर, म्हणजे १९९३ साली, मी डोंगरावरच्या माझ्या बहिणीकडून एक निरोगी पोर आणलं. ओब्रेननेच लग्नाच्या वर्षी तिला लावून दिलेल्या झाडाचं ते पोर. आजची सतरा त्याचीच. राडोयकोंनी त्यातलं एक मागायला तीनदा माणसं पाठवली. एकदा तर पुरोहितच आले.

"विदोसावा, क्षमा कर. झाडच तर मागतोय."

"बापू, मागणाऱ्याने आधी कबूल करावं. तुम्हीच शिकवलंत ना?"

पुरोहितांनी कॉफी संपवली आणि हवेबद्दल बोलले.

कलम ५. माझं घर, बाग, तळघर, दोन शेळ्या आणि आतील सर्व सामान मी माझी जाऊ स्तोयाना बाबोविच हिला देते.

१९९७च्या हिवाळ्यात ती माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हाताला प्लॅस्टर होतं. म्हणाली, जिन्यावरून पडले. त्यांच्या घराला जिना नाही. मी तिला आत घेतलं, सूप दिलं, आणि अकरा वर्षांनी आम्ही बोललो. ती पुन्हा परत गेली. कुठे जाणार होती? माहेर राहिलेलं नाही, मुलगी जर्मनीत, घर नवऱ्याचं. म्हणून हे घर तिचं. तिच्या एकटीचं. अट एकच: राडोयको बाबोविच यांनी या उंबऱ्याच्या आत किंवा बागेत पाऊल टाकायचं नाही, कुंपणावरून वाकायचंसुद्धा नाही. त्यांना बागेतलं फळ, बी, पोर, पान, मुरंबा अथवा दारू मिळणार नाही. बघायला हरकत नाही. फुलोऱ्यात बाग त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चांगली दिसते.

कलम ६. माझे दीर राडोयको यांना अगदीच विसरले असं होऊ नये, म्हणून त्यांना मी दोन माणसांची ती करवत देते. दात शाबूत आहेत. दुसरं टोक धरायला माणूस त्यांनी शोधावं.

दिनांक ६ सप्टेंबर २००९ रोजी वरील मजकूर पूर्ण केला.

कलम ७. हे कलम आज, १८ दिवसांनी, जोडत आहे.

फळं उतरवताना मी स्तोयानाला हा कागद वाचून दाखवला. घर तिचं होणार हे तिला माहीत असावं असं मला वाटलं. तिने हातातलं फळ टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे तू मेल्यावर मी सुटणार?"

"हो."

"आणि तू नव्वद वर्षं जगलीस तर?"

मी टोपलीतली पानं वेचून काढू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती आली. कुंपणाच्या फटीतून नाही. मोठ्या रस्त्याने, दुकानावरून, दोन्ही हातांत पिशव्या आणि डोक्याला सणाचा रुमाल. दुकानाबाहेरच्या बाकावर सहा माणसं बसली होती. एकाने विचारलं, "स्तोयानाकाकू, प्रवासाला का?"

"हो. शेजारी."

घर सोडताना तिने नवऱ्याला सांगितलं होतं की चौथ्या कलमात काय लिहिलं आहे.

परवा राडोयको फाटकाशी आले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं.

"वहिनी, माझ्या बायकोला पाठवा."

"ती काय माझ्या खिशात आहे? हाक मारा."

त्यांनी हाक मारली. स्तोयाना शिडीवर होती. खाली न बघता विचारलं, "काय हवंय?"

"पावटे कुठे ठेवलेस?"

"अठ्ठेचाळीस वर्षं जिथे आहेत तिथेच."

ते उभेच राहिले. मग फाटकावर वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, ते कोणाला वाचू देऊ नका. मी चुकलो. काड्या रोगट आहेत हे मला माहीत होतं. तुमच्यापुढे कबूल करतो, बास?"

बावीस वर्षं मी या शब्दांची वाट बघितली होती. 

"माझ्यापुढे कशाला? मला ठाऊकच आहे. रविवारी चर्चच्या पायरीवर उभे राहा आणि हेच बोला. मी लगेच चौथं कलम फाडते. कुंपणापाशी एक पोरसुद्धा स्वतः लावून देते."

ते विचार करत होते. खरंच करत होते, मी चेहरा बघत होते. तेवढ्यात रस्त्याने मिलोयेचा ट्रॅक्टर आला. राडोयको झटकन सरळ झाले, हात हलवला आणि ओरडले, "मिलोये! वहिनींना विचारायला आलो होतो, पीक कसं आहे!" आणि हसले.

ट्रॅक्टर गेला. मी म्हटलं, "जा घरी."

म्हणून मी पुढील बदल करीत आहे. कलम १ मधली चाळिसाव्या दिवशीच्या वाचनाची तजवीज रद्द. जिला जिवंतपणी निघायचं होतं ती पिशव्या उचलून निघाली. मी बोलायला मरणाची वाट का बघावी? कलम ४ येत्या रविवारी, २७ तारखेला, प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर मी स्वतः वाचणार आहे. गुडघ्यांमुळे उभं राहवलं नाही तर खुर्ची नेईन. माझा आवाज बसला, तर पुढचं स्तोयाना वाचेल. चिठ्ठी तिच्या हातात असेल. तिने तसं आपणहून सांगितलं आहे. बाकी सर्व कलमं कायम.

वरील सर्व मजकूर माझा आहे, माझ्या अक्षरात आहे, आणि त्यातला एकही शब्द मी रागाच्या भरात लिहिलेला नाही. राग केव्हाच पिकून तयार होता.

स्थळ: गोर्न्या ब्रेझा
दिनांक: २४ सप्टेंबर २००९

(सही) विदोसावा बाबोविच

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष सही झाली आणि ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:

१. (सही) तिहोमिर मार्यानोविच, पशुवैद्य

२. (सही) लेपोसावा युगोविच, निवृत्त पोस्टमास्तर. सही करण्यापूर्वी सर्व कलमं वाचली. रविवारी पुढच्या रांगेत उभी राहीन.