‘आपण’ या शब्दाची निरवानिरव

मी, काल्तापाऊ मारीवोटा, वय बहात्तर, सरकारी अनुवादक (निवृत्त), राहणार राजधानी पोर्ट व्हिला, मूळ गाव दूरच्या बेटावरचे मेरीऊ, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत, पण त्यांची सही लागत नाही असे वकिलाने सांगितले. कोणी माझ्याशी कावा केलेला नाही आणि कोणी मला कावा पाजलेलाही नाही. या दुसऱ्या गोष्टीला शेजारी नाकोउ साक्षी आहे. त्याचे कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेले आमच्याकडचे नशेचे पेय, विकायचे दुकान आहे आणि डॉक्टरचे ऐकून त्याने मला एक करवंटीसुद्धा द्यायला नकार दिला.

कलम १. पोर्ट व्हिलातील दोन खोल्यांचे घर भाची लेइतोगा हिला द्यावे. मला मूलबाळ नाही आणि पत्नी लिसी आठ वर्षांपूर्वी गेली. घर विकू नये, असे लिहिणार होतो. मग वाटले, आप मेला जग बुडाले, आपण कोण सांगणार? पोरीने हवे ते करावे. फक्त पावसाळ्याआधी पत्र्याचे खिळे बघावेत.

कलम २. अंगणातील नीरफणसाच्या ज्या फांद्या कुंपणापलीकडे गेल्या आहेत, त्यांची फळे नाकोउ चौदा वर्षे न विचारता उतरवतो आहे. ती आजपासून त्याच्या हक्काची. त्याचा कोंबडा मात्र मी माफ केलेला नाही.

हे वाचून दाखवल्यावर नाकोउ म्हणाला, "आजोबा, तो कोंबडा मरून तीन वर्षं झाली."

"मग मी भेटेन तेव्हा त्याच्याशी बोलेन," मी म्हणालो.

कलम ३. टंकलेखन यंत्र आणि लाल पेन्सिल, माझ्या खुर्चीवर आता जो कोणी बसत असेल त्याला. सोबत तीस वर्षांचा अनुभव फुकट देतो. वादळ असो, भूकंप असो, ज्वालामुखी असो, पुढारी आधी आवाज खाली आणतो. मग त्याला स्वतःची आई आठवते. मग देव. मग ‘प्रसंग बाका आहे, पण माणसे खंबीर आहेत’. पाणी, तांदूळ, पत्रे हे शब्द शेवटी आणि घाईत येतात, कारण ते मोजता येतात. एका भूकंपाचे भाषण मी पुढे दोन वादळांना वापरले, बेटाचे नाव तेवढे बदलले. एकदा तेही बदलायचे राहिले. कोणाच्या लक्षात आले नाही, उलट हार आला.

कलम ४. खाटेखालची पत्र्याची पेटी माझी धाकटी बहीण लेइमारा, राहणार मेरीऊ, हिला द्यावी. पेटीत एकच कागद आहे. बाकीची भाषणे मी चूल पेटवायला वापरली आणि ती चांगली पेटली.

या कागदाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

एकवीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानंतर दुसऱ्या दिवशी तेव्हाचे पंतप्रधान मोलीबुले साहेब रेडिओवर बोलणार होते. भाषण इंग्रजीत लिहून आले. ते आपल्या बोलीत करायला मला अर्धा तास होता. इंग्रजी ही गरीब भाषा आहे. तिच्यात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांना मिळून एकच शब्द आहे. आपल्या बोलीत युमी वेगळे, मिफाला वेगळे. युमी म्हणजे आपण, ऐकणारा धरून. मिफाला म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. साहेबांनाही कळत होता, म्हणून एका ओळीपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीने कंसात लिहिले होते: ‘सरकार’. ओळ अशी होती: दहा दिवसांत आम्ही प्रत्येक बेटावर पाणी आणू.

मी लिहिले: आपण पाणी आणू.

चुकून नाही. मला ते कानाला गोड वाटले. त्या भाषणात मी सतरा वेळा ‘आपण’ घातले होते, मध्येच एक ‘आम्ही’ दाताखाली खडा आल्यासारखे लागत होते. ‘आपण’ म्हटले की लोक रडतात. माझ्या भाषणांवर लोक रडतात याचा मला फार गर्व होता. हे लिहायला एकवीस वर्षे लागली.

साहेबांनी माझा अनुवाद आधी पाहिला नव्हता. त्या ओळीवर ते अडखळले, माझ्याकडे पाहिले आणि तसेच पुढे वाचून गेले. देशाला वाटले, साहेबांचा गळा दाटला. बाहेर आल्यावर म्हणाले, "काल्ता, अरे, तिथे ‘आम्ही’ होतं ना?"

"होतं साहेब. पण ‘आपण’ कानाला बरं लागतं."

"बरं लागतं खरं." मग म्हणाले, "आणि उद्या पाणी का नाही आलं म्हणून कुणी दारात येऊन बसणार नाही. राहू दे."

दुरुस्ती करायला रेडिओवर अजून वीस मिनिटे होती. आम्ही चहा घेतला. इथे ‘आम्ही’ हाच शब्द बरोबर आहे.

मेरीऊच्या विहिरींत समुद्राचे पाणी शिरले होते. गावात बॅटरीवरचा एकच रेडिओ चालू होता आणि तो लेइमाराचा नवरा तारीलोंगी याचा होता. पुढचे लेइमाराने मला स्वतः सांगितले आहे. "मी म्हटलं, अहो, दर्या अजून खवळलेलाय, दोन दिवस थांबा. तर म्हणाले, साहेबांनी काय सांगितलं? आपण पाणी आणू. आपण म्हणजे कोण? मी नाही का त्यात?" आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चार डबे घेऊन तो समोरच्या बेटावरच्या झऱ्याकडे निघाला. होडी सापडली. डबे सापडले नाहीत. तारीलोंगी सापडला नाही.

नवव्या दिवशी जहाज आले, पाण्याने भरलेले. साहेब दिल्या शब्दाला जागले. फक्त तो शब्द मेरीऊला पोचला नव्हता.

मी साहेबांच्याच कचेरीत आहे हे लेइमाराला ठाऊक होते. पण भाषणे साहेबांची असतात, असे सगळ्यांना वाटते तसे तिलाही वाटे. दर वर्षी वादळाच्या दिवशी ती म्हणते, "त्या मेल्याच्या जिभेला किडे पडोत, दादा." आणि दर वर्षी मी म्हणतो, "पडोत." मोलीबुले साहेब माझ्या आधी गेले. त्यांच्या दफनाला तिने मला जाऊ दिले नाही आणि मी गेलो नाही.

लेइमारा, पेटीतला कागद म्हणजे तेच इंग्रजी भाषण, त्यातला कंसातला शब्द बघ. शिव्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या. अर्धा पत्ता साहेबांचा होता, कारण त्यांनी राहू दिले. लिहिले मी. मला फार वाईट वाटते, आणि हे तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नाही.

कलम ५. मी गेल्यावर, पुरण्याआधी, मासेंग पास्टरांनी हे सर्व लेइमारासमोर मोठ्याने वाचावे. मग रिवाजाप्रमाणे गावासाठी रेडिओवर निरोप द्यावा. त्याचा मजकूर असा:

‘मेरीऊकर हो, ........ भाऊ काल्तापाऊ वारला.’

रिकामी जागा लेइमाराने भरावी. तिने ‘आपला’ लिहिले तर मी गावाचा. मला बोटीने नेऊन आईशेजारी ठेवावे. ‘आमचा’ लिहिले तर मी फक्त घरचा; इथेच व्हिलात पुरावे आणि शंभराव्या दिवसाचे जेवण घरापुरते करावे. जागा रिकामी राहिली तर इथेच पुरावे, जेवण करू नये. कोणी तिची समजूत घालू नये. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द मी घातले. हा एक तिचा तिने घालावा.

सही: काल्तापाऊ मारीवोटा
साक्षीदार: १. पास्टर रॉबर्ट मासेंग २. जिमी नाकोउ (कोंबड्याबाबतचा मजकूर मान्य नाही)
स्थळ: पोर्ट व्हिला. मंगळवार, ११ जून २०१९

जोडनोंद. दि. २ सप्टेंबर २०१९. वरील मृत्युपत्र आज मी लेइमाराबाई यांच्यासमोर वाचले. पेटीतला कागद काढून त्यांनी कंसावरून बोट फिरवले. मग मयताकडे बघून म्हणाल्या, "मेल्या, आणि ‘पडोत’ म्हणत होतास!" मग पेन मागितले. रिकाम्या जागी त्यांनी ‘माझा’ असे लिहिले. या शब्दाची मृत्युपत्रात तरतूद नाही, हे मी त्यांना सांगितले आणि दफन कुठे करायचे ते विचारले. त्या म्हणाल्या, "बोट कधी सुटते ते बघा."

सही: रॉ. मासेंग