मशीनला भूक लागते

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग परवापर्यंत शिल्लक होता. केडगावच्या शाळेत, पाचवीत, तुम्ही आम्हाला निर्जीव वस्तूला जीव द्यायला सांगितलं होतं. मी लिहिलं, आमची विहीर मला रोज हाक मारते. मला वाटलं, आता बाई वर्गाला वाचून दाखवणार. तुम्ही मला टेबलाजवळ बोलावलंत आणि करड्या आवाजात विचारलंत, "किती जवळ जातेस तू तिच्या?" सगळा वर्ग हसला. त्या रविवारी चर्च सुटल्यावर तुम्ही पांढऱ्या साडीत थेट आमच्या मळ्यात. वडिलांना म्हणालात, "कठडा का नाही बांधला?" ते म्हणाले, "बांधायचाच हाय बाई, सुगी झाली की." "सुगीपर्यंत पोर थांबेल का?" तुम्ही विचारलंत. संध्याकाळी वडिलांनी विहिरीभोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि मला चांगलीच बोलणी बसली. बाईंना कवितेतलं ओ की ठो कळत नाही, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

आता मी कारेगावात शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील इथल्या कारखान्यांत शिफ्टला जातात. मागच्या महिन्यात तोच धडा आला. पहिल्या बाकावरच्या एका अबोल मुलीनं लिहिलं, पप्पांच्या मशीनला सारखी भूक लागते, पप्पा तिला हातानं घास भरवतात, तिचा डोळा झाकलाय, तिला घास कुठला आन् हात कुठला ते कळत नाही. बाई, मी हरखून गेले. तीन स्टार दिले, खाली तारीख घालून सही केली, परिपाठाला वाचून दाखवलं आणि वर्गाबाहेरच्या फळ्यावर टाचलं. हे तुला सुचलं कसं, एवढं मात्र विचारलं. डोळा कुणी झाकला, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आठ दिवसांनी त्याच मशीनमध्ये तिच्या वडिलांची दोन बोटं गेली. परवा ते तिला शाळेत सोडायला आले, हाताला हे एवढं बँडेज. म्हणाले, "हात आत गेला की मशीन थांबवतो, त्या सेन्सरला टेप लावलेली व्हती मॅडम. काम फास्ट व्हतं म्हून. मी घरी बोललो आसंल कवातरी, पोरीनं ऐकलं." मग आवाज खाली आणून, "कुठं बोलू नका. हाय ते काम बी जाईल." ते गेले, आणि मुलगी माझी ओढणी धरून विचारते, "मॅडम, मी लिवलं म्हून झालं का?" नाही गं, अजिबात नाही, मी लगेच म्हटलं. ते खरंच आहे. पण तेव्हापासून मला तिची भीती वाटते. दहा वर्षांच्या पोरीची. फळ्याकडे तोंड केलं की वाटतं, आता मागून विचारेल, मग तुम्ही तर वाचलं होतं ना?

आणि त्या मशीनवर आज दुसरं कुणीतरी उभं असेल. टेप काढली की नाही, मला माहीत नाही. मी बोलले तर तिच्या घरातली चूल विझेल, नाही बोलले तर आणखी कुणाचा तरी हात. काल दुपारी तिच्या वडिलांच्या वर्कशॉपपर्यंत गेले, गेटसमोर गाडी बंदही केली नाही आणि परत आले. तुम्ही आत गेला असतात. पाणी मागितलं असतंत आणि त्या मालकाला सगळ्यांसमोर विचारलं असतंत.

मी एवढंच केलं, की ते पान फळ्यावरून काढलं. मुलीला त्रास नको म्हणून, असं स्टाफरूममध्ये सांगितलं. खरं कारण तुम्हाला सांगते, कारण हे पत्र कुठं जाणार नाही. सहीखालची, अपघाताच्या आठ दिवस आधीची तारीख कुणी वाचू नये म्हणून काढलं. पान माझ्या पर्समध्ये आहे.