तवा आधी आला

केलगेरी, धारवाड
रविवार, १८ जानेवारी

ती. पद्माक्कास,

योगिताचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तिळाच्या वड्या पोचल्या. यांनी डबा ऑफिसला नेला, तो रिकामाच परत आला. थंडी अजून आहे. सकाळी तळ्यावर धुकं इतकं खाली उतरतं की पलीकडे काठ आहे हे नुसतं लक्षात ठेवावं लागतं.

भाजीवाल्या रामूने आणलेला तुझा तवा ओट्यावर ठेवला आहे. काल फोनवर मी "एवढ्यात कशाला पाठवलास?" म्हणाले. तू म्हणालीस, "नको असेल तर रामूकडे परत दे." पुढे आपण थंडीचं बोललो, गाईचं बोललो, पण माझ्या कानात तेवढंच राहिलं. फोनवर माझं तोंड पुढे धावतं आणि मन मागून येतं. म्हणून हे पत्र. मंगळवारी रामू भाजी घेऊन आला की त्याच्याच हाती अळनावरला पाठवीन.

फ्रिजवर माझी यादी लावलेली असते, ती तू पाहिली आहेस. वर गॅस, पेपर तपासणं, पडदे धुवायला देणं. खाली चहा उकळताना जे सुचेल ते. एकदा तळ्याला पूर्ण फेरी मारावी, पोहायला शिकावं का, मागच्या खोलीत तळ्याकडच्या खिडकीपाशी लिहायला टेबल करावं का. आणि त्याखाली, "मागच्या खोलीत अक्काला राहायला आणावं का?" सगळं एकाच कागदावर, एकाच शाईत. आणि आमचे हे वादिराज तुला ठाऊकच आहेत. यादी दिसली की खोडत सुटायचं.

"अहो, ते नुसतं मनात होतं," मी म्हटलं.

"यादीत होतं की. टेबलाला सुतार मिळेना, म्हणून अक्कांना फोन लावला."

"आणि पुढचं प्रश्नचिन्ह?"

"प्रश्न तू विचारलास, उत्तर मी दिलं."

तुला बोलावलं ते त्यांनी, मी नाही. तू मात्र गाय शेजारच्या कौसल्याकडे बांधलीस आणि तवा पुढे धाडलास. तवा पाठवणारी बाई चार दिवसांसाठी येत नसते, एवढं मला कळतं. तो पाहून मी आधी आनंदले नाही, अक्का. खिडकीतलं तळं गेलं, असं मनात आलं.

आई आठवते? करायचंच असेल त्याची ती पदराला गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. बाकीचं फुलं तोडताना बडबडायची. काशीला जावं, दारात चाफा लावावा, पेटी शिकावी. "गाठ मारलीस का?" असं आपण चिडवलं की म्हणायची, "छे गं, ते वाऱ्याचं आहे."

आज सकाळी मी दोन कागद घेतले, एक गाठीचा आणि एक वाऱ्याचा. गॅस इकडे, पोहणं तिकडे, भराभर झालं. तुझी ओळ मात्र कुठेच लिहिता येईना. वाऱ्याची म्हणावी तर तुझी गाय दुसऱ्याच्या दारात उभी. गाठीची म्हणावी तर गाठ मी मारलेलीच नाही.

पेन ठेवून तुझ्या तव्यावर भाकरी टाकली. पहिली चिकटली. दुसरी टम्म फुगली आणि घरभर अळनावरच्या चुलीचा वास पसरला. धुक्यातून कुणीतरी चालत येतंय, तसा.

यांनी अंघोळीहून येताना विचारलं, "अक्का आल्या काय?"

मी "हो" म्हणून गेले. तोंडच पुढे धावलं, पण या वेळी मन मागे नव्हतं.

म्हणून आता मी माझ्या तोंडाने म्हणते, इथे राहायला ये. पाहुणी म्हणून नको. टेबल वाऱ्याच्या कागदावर आहे. तुझी कॉट लागल्यावर खिडकीपाशी कोपरा उरतो का ते दोघी मिळून बघू. तवा परत पाठवत नाही.

आज आईचं इरकली लुगडं नेसले आहे. पदराला गाठ मारली आहे. ती मी सोडणार नाही, तू येऊन सोड.

तुझी,
योगिता