टाय तेवढा काढून पाठव

सोमवार, संध्याकाळ. भांडुप.

टेकडी उतरत होते, तेव्हा सुनीताने मागून हाक मारली. तिची थोरली माझ्याच सरकारी मराठी बालवाडीत होती. धाकटीला तिने इंग्लिश शाळेत घातलंय.

"बाई, उद्या साहेब पोरं मोजणार ना? धाकटीला बसवते. उद्यापुरती हां!"

"टाय तेवढा काढून पाठव," मी म्हटलं. हे मी म्हटलं?

पोरं कमी भरली तर वर्ग बंद. मग शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे. आया पहाटेच कामाला जातात. या चिमुरड्यांना रस्ता कोण ओलांडून देणार? टायचं काय घेऊन बसले मी.

सकाळी धाकटी टाय न घालता आली. साहेब दारात दिसताच एकटीच ताडकन उभी राहिली. "गुड मॉर्निंग, सर!" साहेबांनी तिला सोडून मोजलं. वर्ग बंद झाला.